गादीची चड्डी

काल दुपारी कोपऱ्यावरून पेंढ्याने भरलेला टेम्पो गेला आणि मी हातातली पिशवी छातीशी धरून तिथेच थांबले. इकडे कोइंबतूरला भाताचा पेंढा कुठून येतो, कुठे जातो, मला माहीत नाही. एवढी वर्षं झाली, कुणाला विचारलेलंही नाही. पण वास तोच. उन्हात तापलेला, थोडा गोड, थोडा धुळीचा, नाकात गेला की शिंक येते असा. इकडे दसऱ्यानंतर पुन्हा पाऊस धरतो, आणि आमच्या रायगडात तो तोवर सरलेला असतो. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत माझा गोंधळ होतो. वर आभाळ भरून आलेलं, आणि मला आतून कापणीचं ऊन लागत असतं.

पिशवीत चड्डी होती. सायकलवर घालायची, बायकांची, काळी, आत गादी शिवलेली. दुकानात त्याला वेगळं नाव आहे, पण घरी येईपर्यंत माझ्या मनात ती चड्डीच झाली. आमच्या कॉलनीतल्या बायका रविवारी सकाळी सायकलवर तलावापर्यंत जातात. एक शाळेत शिकवते, एक बँकेत आहे. मी सातवीनंतर शाळा सोडलेली, त्यांच्यासारखी बोलायलाही येत नाही, तरी त्यांनी मला बोलावलं. मला अशी बोलावणी आली की आनंदाआधी धास्ती वाटते. आपल्यामुळे त्यांना थांबावं लागेल, आपण मागे पडू, आपलं काहीतरी चुकेल. त्यांच्यातल्याच एकीने हळूच सांगितलं, आधी नीट चड्डी घे, नाहीतर दुसऱ्या रविवारी येणार नाहीस. तिने हे इतकं सहज सांगितलं की मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या वेळी हे वाक्य बोलायला एक अख्खा मोसम लागला होता.

दुकानातली मुलगी तमिळ, हिंदी तोडकंमोडकं, माझंही तसंच, म्हणून आमचं छान जमलं. मी आरशासमोर ताठ उभी राहून म्हणाले, घट्ट होतेय. ती हसली. म्हणाली, सायकलवर असं उभं राहणार आहात का? तिने मला भिंतीला हात टेकवून वाकायला लावलं, हँडल धरल्यासारखं. वाकल्यावर चड्डी एकदम अंगाला बसली, जणू तोवर ती वाट बघत होती. उभ्याने बरी वाटणारी सैल चड्डी मी आधी बाजूला काढून ठेवली होती, ती तिने सरळ परत टांगली. सैल कापड हलतं, आणि हलतं ते घासतं. आत दुसरं काही घालायचं नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मी पुन्हा पुन्हा विचारत होते, शिवण मध्ये येत नाही ना, मांडीला रबर रुतत नाही ना, धुतल्यावर गादी गोळा होत नाही ना. ती कंटाळली नाही. मी तिचे किती आभार मानले असतील. शेवटी तीच म्हणाली, अम्मा, चड्डीच तर आहे.

व्हय, चड्डीच.

ते वर्ष नव्वदच्या पुढचं. आमचं घर पेणजवळ, कासूच्या बाजूला, खाडीकडचं. बाबा मिठागरात. मी शाळा सोडून घरी होते. माझी मावशी, वेणूमावशी, हायवेवरच्या खांब गावात दिलेली. भातशेती, मागून वाल, एक म्हैस. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला, म्हणून त्याची सायकल पडवीत पडून असायची. रोह्याच्या अलीकडे औषधांची एक कंपनी होती, तिथे पॅकिंगला मुली घेत होते. मावशीने निरोप धाडला, सुमनला पाठव, माझ्याकडे राहील, सायकलवर जाईल. बाबा म्हणाला, बघ दिवाळीपर्यंत. जमलं तर जमलं. नाहीतर मिठागर आहेच. त्याने ते रागाने म्हटलेलं नव्हतं. पण मिठागर आहेच, हे ऐकूनच मी पटकन कपडे बांधले होते. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून जाणाऱ्या बायका मी रोज बघत होते, त्यांत माझी आई होती.

पहिली एस.टी. यायची तोवर कंपनीचं गेट बंद झालेलं असायचं, त्यामुळे सायकलशिवाय इलाज नव्हता. खांबहून कोलाडच्या नाक्यापर्यंत हायवे, मग आत रोह्याचा रस्ता. पावसाने रस्ता उखडलेला. खड्डे खडीने भरलेले, आणि ती खडी ट्रकांनी पुन्हा बाहेर फेकलेली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत चाललेलं, पहाटे त्यावर दव, आणि दवातून येणारा तो वास. माझ्यासोबत शेजारची कुंदा असायची. तीही त्याच कंपनीत, माझ्याहून थोडी मोठी, तोंडाने फाटकी. खाडीकडची म्हणून मला ती खारी म्हणायची. खारी, पॅडल मार, झोपलीस काय.

काकांची सायकल दांडीची. सीट चामड्याची, उन्हापावसात वाळून लाकूड झालेली, वर तांब्याच्या रिबिटी, पुढचं टोक आभाळाकडे. मी सलवार घालून जायची. सलवारीचं आसन, म्हणजे दोन्ही पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा, नेमकं सीटच्या टोकावर यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, सवय नाही म्हणून. नंतर वाटलं, माझ्यातच काही खोट आहे. कुंदा कशी बसते ते मी बघायची. ती पुढे मागे सरकायची, उतारावर उभी राहायची. मीही तसं करून बघितलं. कंपनीत काम उभ्याचं, बाटल्यांना लेबलं लावून खोक्यात भरायच्या, तिथे बरं वाटायचं. शिफ्ट सुटायची वेळ झाली की बाकीच्या मुली खुलायच्या आणि माझा चेहरा उतरायचा.

सांगणार कुणाला? पाय दुखला तर सांगता येतं, डोकं दुखलं तर येतं. या जागेला आमच्याकडे बायका नावच घेत नाहीत. देवीच्या दुखण्यासारखं ते बाजूने बोलायचं असतं. मी मावशीला पोटात दुखतं म्हणून सांगायची आणि ती मला ओवा द्यायची. तोंडात ओवा चावत मी पालथी झोपायची.

शेवटी कुंदाच मावशीच्या अंगणात उभी राहून बोलली. मी मागे सायकल लावत होते. ती म्हणाली, "मावशी, ओवा खाऊन काय होणार हाय? हिचा सगळा पार्श्वभाग सोलवटलाय. बसते कशी बघा जरा." पार्श्वभाग हा शब्द तिने शाळेतल्या कुठल्या धड्यातून उचलला होता देव जाणे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.  मावशीने मला आत नेलं, दिव्याजवळ उभं केलं, बघितलं, आणि मग खोबरेल लावताना एवढंच म्हणाली की सांगायचं नाय काय गो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर मावशीने चड्डी शिवून ठेवली होती. तिच्याकडे मशीन नव्हतं, पण गोधड्या शिवणारा हात. जुन्या मांजरपाटाची चड्डी, आणि खाली गादी. आता गादी म्हणजे काय, तर मावशीला जी येत होती ती. भाताचा भारा असो, पाण्याचा हंडा असो, डोक्यावर आधी चुंबळ ठेवायची, कापडाची गोल वळी, मध्ये भोक. आयुष्यभर तिने वजन त्या चुंबळीवर पेललं होतं. तिचा सरळ विचार असा की वजन वरून येवो नाहीतर खालून, चुंबळीसारखं दुसरं काही नाही. म्हणून तिने जुन्या लुगड्याची जाड वळी करून चड्डीत बसवली होती, आणि मध्ये पोकळ जागा ठेवली होती. वरून गोधडीसारखे घट्ट धावते टाके, आडवे उभे.

मी ती घालून पाटावर बसले. इतकं मऊ वाटलं की मला रडू आलं. मावशी माझ्याभोवती फिरून बघत होती. कुंदाने येऊन दोन बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाली, आता हिला सायकलला कॅरिअर नको, सामान आतच हाय.

कोलाडचा नाका येईपर्यंत सगळं छान होतं. नाका ओलांडला आणि वळी सरकायला लागली. प्रत्येक पॅडलला थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. घामाने भिजली तशी ती आकसून दोरीसारखी कडक झाली, तिच्या कडा घासायला लागल्या, आणि ते सगळे टाके, जे गोधडीत पाठीला कधी जाणवलेही नसते, एकेक करून जाणवायला लागले. डोक्यावरची चुंबळ हलत नाही, कारण मान हलत नाही. सायकलवर तर कंबरेखालचं सगळंच हलत असतं. हे आज मला इतकं स्वच्छ सांगता येतं. त्या दिवशी मी फक्त दात आवळून कंपनी गाठली. आणि मावशीला वाईट वाटेल म्हणून पुढचे काही दिवस तीच चड्डी घालून जात राहिले.

मग गळू झालं. ताप आला. खाडे पडायला लागले.

खाडा हा शब्द तेव्हा मला आजारापेक्षा भयंकर वाटायचा. शिफ्टच्या बाईंनी आधीच सगळ्या नव्या मुलींना सांगून ठेवलं होतं की जिचे खाडे जास्त, तिने दिवाळीनंतर येऊ नये. कुंदा रोज संध्याकाळी येऊन बातमी द्यायची. बाई विचारत होत्या. बाई पुन्हा विचारत होत्या. मी पडवीत कुशीवर पडून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकायची आणि माझ्या डोळ्यांपुढे मिठागराचे पांढरे चौकोन यायचे, एकाला लागून एक. मला मिठागराचा कंटाळा होता असं नाही. त्या मिठावर आम्ही वाढलो. पण मी पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, आणि परत जायचं ते अशा एका जागेच्या दुखण्याने, जिचं नावही घरी सांगता येणार नाही. माझं काय चुकलं हे कुणाला कळणारच नव्हतं. सगळे म्हणणार होते, जमलं नाही तिला.

कापणी चालू होती. अंगणापलीकडे मावशीने खळं केलं होतं, ठोकून सपाट केलेली जमीन, वर शेणाचा सडा. भारे येऊन पडायच्या आधी ते सारवून वाळवायचं असतं. ताप उतरल्यावर मी हळूहळू बाहेर आले. मावशी सारवत सारवत पुढे गेली होती. मला गरगरलं म्हणून मी जिथे होते तिथेच खाली बसले, ओल्या सारवणावर. मावशीने मागे वळून बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. सकाळपासून कंबर मोडून सारवतेय, आणि ही बया वर बसली. ऊठ आधी. मी घाबरून उठले. ती शेणाचा हात घेऊन ती जागा पुन्हा सारखी करायला आली, आणि हात तसाच धरून थांबली.

सारवणात दोन खळगे उमटले होते. जवळजवळ, वाटीएवढे, खोल. बाकी सगळं जेमतेम दबलेलं.

"म्हणजे तू इथं टेकतेस," मावशी म्हणाली. "आणि मी गादी घातली भलतीकडेच."

तिने कुंदाला हाक मारून तिलाही बसवलं. कुंदा शेणात बसायला अजिबात तयार नव्हती, तिने मावशीला बरंच काही ऐकवलं, मग सलवार वर खोचून बसलीच. तिचे खळगे माझ्याहून लांब लांब. मावशी दोघींच्या खळग्यांवर वीत ठेवून बघत होती आणि आम्ही दोघी शेणाने भरलेल्या, वेड्यासारख्या हसत होतो. त्या हसण्यात माझ्या मनातलं किती तरी सुटून गेलं. ज्या जागेचं नाव घ्यायचं नाही, तिचं माप भर उन्हात खळ्यावर पडलं होतं, आणि काही बिघडलं नव्हतं. वरून कावळे तेवढे बघत होते.

काल दुकानातल्या मुलीने मला एका मऊ पाटावर बसवलं. उठल्यावर त्यावर दोन खळगे होते. तिने फुटपट्टी लावली, आकडा बघितला आणि त्याप्रमाणे मागे रुंद गादीची चड्डी काढून दिली. बायकांची बसायची हाडं एकमेकांपासून जरा लांब असतात, ती मला समजावत होती, गादी तिथे जाड हवी, पुढे पातळ आणि आखूड. मी मान हलवत राहिले. तिला वाटलं असेल, या बाईला काही कळत नाहीये. माझ्या नाकात तेव्हा ओल्या शेणाचा वास भरला होता.

मावशीची दुसरी चड्डी तशी साधीच होती. या वेळी तिने वळी केली नाही. जुन्या घोंगडीचे दोन तुकडे, तळव्याएवढे, त्या दोन जागी. कडा कातरून पातळ केलेल्या, म्हणजे कुठे एकदम उंचवटा येणार नाही. मधून एकही टाका नाही. सगळी शिवण बाजूला, मांडीच्या बाहेरून. आणि वरचं कापड बनियनचं, ताणलं जाणारं, म्हणून अंगाला घट्ट. मला उभ्याने ती आवळायची. मी तक्रार केली तर मावशी म्हणाली, चालायला शिवलेली नाय ती. कुंदाने पाना आणून सीटचं वर गेलेलं टोक खाली बसवलं. तिलाही तशीच चड्डी हवी होती, पण ते मागायच्या आधी तिने आठवडाभर माझीच थट्टा केली.

जखम पूर्ण भरेपर्यंत मावशीने मला जाऊ दिलं नाही. गेले त्या पहाटेचं मला काय आठवतं? खरं तर काहीच विशेष नाही. धुकं होतं. कोलाडला चहाच्या टपरीवर कुणीतरी शेगडी पेटवत होतं. कापलेल्या शेतात बगळे उतरले होते. रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर कुंदा तिच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल काहीबाही सांगत होती, त्याचे कान कसे मोठे आहेत ते, आणि मी ऐकत होते. बरंच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ऐकत होते. इतके दिवस मला रस्त्यात काही ऐकूच आलं नव्हतं. दुखणारा माणूस फक्त दुखण्याच्या जागी राहत असतो. नीट बसणाऱ्या कपड्याचं सगळं मोठेपण मला वाटतं एवढंच, की ते आपल्याला विसरू देतं. मऊपणाचं तसं नाही. मऊ तर ती पहिली वळीही होती, पाटावर.

शिफ्टच्या बाईंनी मला पुन्हा लाइनवर उभं केलं, आता खाडा चालणार नाही असं बजावलं, आणि दिवाळीच्या आधी ज्या मुलींना पुढे यायला सांगितलं त्यांत माझं नाव होतं. मी तेवढ्यावर बाईंना वाकून नमस्कार करायला गेले. त्या मागे सरकल्या.

पण बाबाला हे कळायचं होतं. तो भाऊबीज होऊन गेल्यावर आला, मला न्यायला. झोडणी संपत आली होती, खळ्यावर पेंढ्याचा ढीग, मावशी आणि कुंदा भात पाखडत होत्या. बाबा खळ्याच्या कडेला उकिडवा बसला. चहा घेतला. मिठागर धरायची वेळ झाली, बांध घालायला माणूस कमी पडतंय, असं तो मावशीला सांगत होता, माझ्याकडे न बघता. खाड्यांची बातमी कुणीतरी कासूपर्यंत पोचवली होती. तो म्हणाला, जमत नाही तर नाही, त्यात लाज कसली, चल घरी.

मावशीने तोंड उघडलं. ती पोटदुखीचंच सांगणार हे मला दिसलं. मी तिच्या आधी बोलले.

"बाबा, सायकलवर बसायच्या जागी गळू झालेलं. म्हणून घरी बसलेली. आता बरी हाय. मला कामावर जायचं हाय."

कुंदाच्या हातातलं सूप थांबलं. मावशीने मान खाली घातली. बाबा स्वतःच्या पायांकडे बघत होता. मिठागरातल्या माणसाचे पाय, खाऱ्या पाण्याने टाचा चिरलेल्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या. वर्षातून पावसाळ्यात तेवढे ते थोडे भरून यायचे.

"मिठात पाय सडतात तसं?" त्याने विचारलं.

"व्हय. तसंच."

"मग ओलं ठेवू नको. कामावरून आलीस की पयलं कोरडं करायचं." पुढे म्हणाला, "आमी पायाला फडकं बांधतो. तू काय करतेस?"

मी घरात गेले आणि दोरीवरची चड्डी काढून आणली. आजही मला नवल वाटतं की मी ती बाबाच्या हातात दिली. त्याने ती मांडीवर पसरली आणि घोंगडीच्या तुकड्यांवर अंगठा दाबून बघितला, एकावर, मग दुसऱ्यावर. मिठागरात पाणी घ्यायच्या आधी तो तळाचा चिखल असाच दाबून बघायचा, बसला आहे की नाही. मग त्याने चड्डीची नीट घडी घातली आणि माझ्याकडे दिली.

"उद्या कधी निघायचं तुला?"

"उजाडायच्या आत."

"मग बसत नाय मी," तो म्हणाला. कप खाली ठेवून उठला, मावशीला येतो म्हणाला, आणि शेताच्या बांधावरून हायवेकडे चालायला लागला. मी खळ्यावरून बघत होते. पेणकडे जाणाऱ्या गाडीला त्याने एकट्यानेच हात केला.